दहावा कुठे गेला?

॥ श्री गणेशाय नमः ॥



आपल्या मंदिराच्या स्मरणिकेसाठी या वर्षी काहीतरी लिहून द्या, असा कार्यकारिणीचा निरोप आला. दर वर्षी असा निरोप येतो आणि दर वर्षी मी "माझ्याहून जाणकार मंडळी आहेत" असे सांगून सुटका करून घेतो. विनयाच्या नावाखाली अंग काढून घेण्याची कला मला चांगली साधलेली आहे. या वर्षी तसे करता येणार नाही, कारण जे लिहायचे आहे ते या अंग काढून घेण्याविषयीच आहे.

मी शास्त्री नाही, कीर्तनकार नाही. मिशिगनमध्ये मोटारींच्या धंद्यात, गिअरबॉक्सच्या विभागात बत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला इंजिनियर आहे. तेव्हा शास्त्रार्थात चूकभूल झाली तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे. लहानपणी वाईला गणपती आळीत आमच्या घराजवळ एक शास्त्रीबुवा राहात. त्यांच्या ओसरीवर जे कानावर पडले आणि पुढे साठ वर्षांनी थोडेसे कळले, तेवढेच येथे मांडतो.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्यापैकी जे मला तीस-तीस वर्षे ओळखतात त्यांनाही ती २०२३ पर्यंत ठाऊक नव्हती. मी तोतरा आहे. म्हणजे बोलताना शब्द अडतो. ओठांपर्यंत येतो, तेथे कोणीतरी दार लावून घेतल्यासारखा थांबतो, आणि मग तो धक्के मारीत बाहेर काढावा लागतो. सर्वांत अवघड अक्षर 'ग'. आणि आईवडिलांनी नाव ठेवले गजानन! ढोल्या गणपतीच्या गावात जन्मलेल्या मुलाचे दुसरे काय ठेवणार? स्वतःचे नाव स्वतःला उच्चारता येऊ नये, यापरती चेष्टा नाही. पुढे मला समजले की अडखळत बोलणाऱ्या पुष्कळांची हीच तऱ्हा असते. इतर शब्दाला पर्यायी शब्द शोधता येतो, पण स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द कोठून आणणार?

पाचवीत असताना शाळेत एक नवे मास्तर आले. त्यांनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभे करून नाव सांगायला लावले. माझी पाळी आली. मी उभा राहिलो. 'ग' निघाला नाही. वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि म्हणाले, "बस खाली, तोतऱ्या." माणूस वाईट नव्हता, नंतर त्यांनी मला गणित फार चांगले शिकवले. पण त्या दिवशी घरी येताना मी एक वाक्य बरोबर घेऊन आलो. सकाळपर्यंत माझे बोलणे अडखळत होते. त्या दुपारपासून मी 'तोतरा' झालो. या दोन वाक्यांतला फरक किती मोठा आहे, ते मला साठ वर्षांनी कळले. पहिल्या वाक्यात जीभ अडखळते. दुसऱ्या वाक्यात मी अडखळतो, आणि जो मीच आहे त्यापासून पळून जाणार कुठे?

संध्याकाळी शास्त्रीबुवांच्या ओसरीवर आळीतली मुले अथर्वशीर्ष म्हणायला जमत. मीही जाई. तेथे एक चमत्कार घडे. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना माझे एक अक्षरही अडत नसे. आरतीतही तसेच. आज विज्ञानाला ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. अडखळत बोलणाऱ्या बहुतेक लोकांची वाणी गाताना किंवा इतरांबरोबर एका तालात म्हणताना मोकळी होते. हा दोष भित्रेपणाचा किंवा संस्कारांचा नसून मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव होते तेथला आहे, आणि पुष्कळदा तो वंशपरंपरेने येतो, हेही आता माहीत आहे. प्रौढांमध्ये शंभरात साधारण एक माणूस असा असतो. पण तेव्हा वाईत हे कोणाला माहीत असणार? शास्त्रीबुवांच्या मात्र नजरेतून सुटले नाही. एकदा मला थांबवून ते म्हणाले, "गजा, सगळ्यांबरोबर म्हणतोस तेव्हा तुझा तोतरा कुठे जातो रे?"

मी खांदे उडवले. ते म्हणाले, "विचार करून सांग. घाई नाही." आणि मग त्यांनी दहाव्याची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. दहा जण नदी ओलांडून पलीकडे गेले. पाण्याला ओढ होती, म्हणून काठावर पोहोचल्यावर सगळे आले की नाही ते मोजू लागले. जो मोजी तो समोरच्या नऊ जणांना मोजी आणि स्वतःला विसरे. प्रत्येकाने मोजून पाहिले, प्रत्येकाच्या हिशेबात नऊच. झाले! दहावा वाहून गेला म्हणून रडारड सुरू झाली. एकाने तर दुःखाने आपले डोके बडवून घेतले. इतक्यात तेथून एक वाटसरू चालला होता. त्याने चौकशी केली, मनातल्या मनात मोजले आणि सांगितले की दहावा जिवंत आहे. मग मोजणाऱ्याला त्याने पुन्हा मोजायला लावले. नऊपर्यंत आल्यावर त्याचेच बोट धरून त्याच्या छातीला लावले. दहावा तूच!

विद्यारण्यस्वामींनी पंचदशीच्या तृप्तिदीप नावाच्या प्रकरणात ही गोष्ट घेऊन अज्ञानापासून तृप्तीपर्यंतच्या सात पायऱ्या समजावल्या आहेत. मी मुलगा होतो, मला गंमत वाटली आणि हसून घरी गेलो. पायऱ्या वगैरे डोक्यावरून गेल्या. शास्त्रीबुवांच्या प्रश्नाचे उत्तरही मी दिले नाही. काही वर्षांनी ते गेले. प्रश्न राहिला.

१९७९ साली मी या देशात आलो. येथे कोणी मला ओळखत नव्हते, त्यामुळे मी नवा जन्म घेतल्यासारखा नवा बंदोबस्त केला. कॉफीच्या दुकानात नाव विचारले की 'सॅम' सांगायचे. 'स' माझ्या मेहेरबानीतले अक्षर. ऑफिसात फोन करायचा असेल तर त्याऐवजी दोन इमारती ओलांडून त्या माणसाच्या टेबलाशी चालत जायचे. लोकांना वाटे, किती मनमिळाऊ माणूस आहे, स्वतः भेटायला येतो. मीटिंगमध्ये प्रश्न माझ्याकडे येणार असे दिसले की खोकला काढायचा. पुढे ईमेल आली तेव्हा मला मोक्ष मिळाल्यासारखे झाले. अडणाऱ्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालण्यात मी इतका तरबेज झालो की पुष्कळांना पत्ताच लागला नाही. ते म्हणत, हा जरा थांबून थांबून, विचार करून बोलतो.

१९८८ मध्ये साहेबांनी मला बोलावून विचारले, ग्रुपचा प्रमुख होतोस का? काम मला येत होते, उलट इतरांहून अधिकच येत होते. पण दर सोमवारी वीस-पंचवीस लोकांपुढे उभे राहून आढावा द्यावा लागणार होता. मी म्हणालो, मला त्यात रस नाही. घरी येऊन सौ.ला सांगितले, "मॅनेजमेंट म्हणजे नुसते राजकारण. आपल्याला नको." ती काही बोलली नाही. तीन वेळा अशी संधी आली आणि तीन वेळा मला 'रस नव्हता'. भाविकहो, मी भीतीला वैराग्याचे कपडे घातले होते. हा प्रकार आपल्याकडे फार चालतो, म्हणून मुद्दाम सांगतो. 'मला हाव नाही', 'आपल्याला काय करायचंय', 'ठेविले अनंते' असे ज्याला साधत नाही तोच पुष्कळदा म्हणत असतो. संतांची निरिच्छता आणि माझी निरिच्छता यांत काय फरक होता? संतांना मिळाले असते तरी चालले असते आणि न मिळाले तरी. मला मात्र रात्री झोप येत नव्हती.

आता शास्त्राकडे वळतो. आपण ज्याला साध्या भाषेत न्यूनगंड म्हणतो, त्याचे मूळ वेदान्ताने फार खोल शोधले आहे. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्याची सुरुवातच अध्यास या कल्पनेने केली आहे. अध्यास म्हणजे एकाचे गुण दुसऱ्यावर लादणे. शरीर जाड, तर 'मी जाड'. डोळा अधू, तर 'मी आंधळा'. मन उदास, तर 'मी दुःखी'. आणि जीभ अडखळते, तर 'मी तोतरा'. आपण दिवसभर हेच करीत असतो, आणि ते इतक्या सहजपणे की त्यात काही चूक आहे असे वाटतच नाही. मग या 'मी'ला चिकटलेल्या चिठ्ठ्या बघा. "मी काय, नुसती घरी असते." "माझं गणित कच्चं, मी मॅथ पर्सन नाही." "मला बर्फात गाडी जमणारच नाही." "आता या वयात मला कसलं इंग्रजी येतंय!" प्रत्येक वाक्यात काहीतरी खरे असते, म्हणूनच ते घट्ट बसते. बर्फात गाडी घसरते हे खरेच आहे. खोटा असतो तो शेवटचा 'च'.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सगळ्याच मर्यादा मनाच्या असतात असे मी म्हणत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, हातात पदवी असून नोकरीची परवानगी नसलेल्या मुलींना 'तू मनात आण, सगळं होईल' असे सांगणे हा क्रूरपणा आहे. तो कायद्याचा अडसर आहे, मनाचा नव्हे. आजार, म्हातारपण, पैशाची चणचण या खऱ्या गोष्टी आहेत. ऑफिसात आम्हाला एकदा दोन दिवसांच्या शिबिराला पाठवले होते. तेथे एक गृहस्थ आरशासमोर उभे राहून 'मी काहीही करू शकतो' असे शंभरदा म्हणायला लावत. मी म्हटले. 'मी' नंतरच्या शब्दावर सतरा वेळा अडखळलो. आपले शास्त्र असे काही सांगत नाही. आत्मा काहीही करू शकतो असे ते म्हणत नाहीच, उलट आत्मा अकर्ता आहे असे म्हणते. ते एवढेच विचारते की ज्याला तू 'मी' म्हणतोस, तो नक्की कोण ते एकदा पाहून घे.

भगवद्गीतेत ही गोष्ट फार सुंदर रीतीने आली आहे, आणि ती सहसा लक्षात येत नाही. अर्जुन रथात मटकन बसला. भगवंतांनी प्रथम काय केले? आपण मुलांना करतो तेच. अरे, हे तुला शोभत नाही, हा दुबळेपणा टाक, ऊठ, असे त्याला खडसावले. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीचे ते दोन श्लोक आहेत. परिणाम काय झाला? शून्य! अर्जुन पुन्हा आपलेच दुःख सांगू लागला, आणि अखेर 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसला. साक्षात भगवंताने दिलेला धीर लागू पडला नाही! मग मात्र भगवंत हसले आणि त्यांनी वेगळीच सुरुवात केली. तू मोठा धनुर्धर आहेस असे नव्हे, तर देहाचा धनी कोण, काय मरते आणि काय मरत नाही, येथून. क्षत्रियाचा धर्म, लौकिक, हे मुद्देही पुढे येतात, पण आत्म्याचे सांगून झाल्यावर. मला वाटते, आपण आईबाप नेमके पहिल्या दोन श्लोकांवर थांबतो. 'यू कॅन डू इट' म्हणतो आणि सॉकरच्या मैदानाकडे ढकलतो.

दुसरे उदाहरण हनुमंताचे. समुद्र शंभर योजने. काठावर वानरांची सभा भरली आहे. प्रत्येक जण आपापला आकडा सांगतो. कोणी दहा योजने, कोणी वीस, कोणी तीस. वृद्ध जांबवान म्हणतो, आता माझ्याने नव्वद होतील. अंगद म्हणतो, मी पलीकडे जाईन, पण परत येता येईल की नाही याची खात्री नाही. (अंगदाचे हे वाक्य वाचले की मला आपण सगळेच आठवतो. दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो ना?) या सगळ्या आकडेमोडीत एकटा हनुमंत बाजूला गप्प बसलेला. तो आकडा सांगतच नाही. ऋषींच्या शापामुळे त्याला आपल्या बळाचा विसर पडला होता, कोणीतरी आठवण करून दिल्याशिवाय ते स्फुरणार नव्हते, ही कथा उत्तरकांडात आहे. जांबवान त्याच्याजवळ जातो आणि काय करतो? त्याला नवी विद्या देत नाही, मंत्र देत नाही. तू कोणाचा मुलगा, तुझा जन्म कसा झाला, बालपणी सूर्याकडे कसा झेपावलास, हे सांगतो. तू कोण आहेस, एवढेच. दहाव्याचे बोट त्याच्याच छातीला लावतो.

आणि गंमत पाहा. हा जो गप्प बसलेला वानर, त्याच्या बोलण्याची रामाने लक्ष्मणाजवळ तोंड भरून स्तुती केलेली आहे. पहिल्या भेटीतच राम म्हणाला होता की इतके बोलला, पण एक शब्द चुकीचा नाही, वेद आणि व्याकरण शिकल्याशिवाय असे बोलता येणार नाही. असा वक्ता समुद्रकाठी मुका बसला होता.

आता २०२३ च्या गणेशोत्सवाकडे येतो.

माझी नात तेव्हा नऊ वर्षांची. मुलांच्या कार्यक्रमात प्रत्येकाने मंचावर येऊन आपले नाव सांगायचे आणि अष्टविनायकांपैकी एका गणपतीची दोन वाक्यांत माहिती द्यायची, असे ठरले होते. तिच्या वाट्याला पालीचा बल्लाळेश्वर आला. चार दिवस आधी ती माझ्या खोलीत आली आणि पलंगावर बसली. काही बोलेना. मग तिने सांगायला सुरुवात केली आणि तिचा 'ब' अडला. ती अडखळते हे घरात सगळ्यांना माहीत होते. शाळेतल्या स्पीच थेरपिस्ट बाईंकडे ती जात होती आणि त्यांचा उपयोगही होत होता. पण त्या दिवशी ती म्हणाली, "आबा, मी नाही जाणार. मी बोलणारी नाहीये. काही लोक नसतात बोलणारे. तू पण नाहीयेस."

तू पण नाहीयेस. मंडळी, मला वाटत होते की मी माझा दोष सगळ्यांपासून लपवला आहे. या पोरीने तो केव्हाच ओळखला होता. रक्तातून काय गेले असेल ते गेले, त्याला माझा इलाज नव्हता. पण सुट्टीच्या दिवशी फोन वाजला की मी कसा सौ.कडे देतो, मंदिरात कोणी चार शब्द बोलायला सांगितले की कसा पाणी प्यायला निघून जातो, हे तिने पाहिले होते. मास्तरांनी मला दिलेले वाक्य मी न बोलता तिच्या हातात ठेवले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. शास्त्रीबुवांचा प्रश्न आठवला. सगळ्यांबरोबर म्हणतोस तेव्हा तुझा तोतरा कुठे जातो? मी तोतरा असतो, तर आरतीतही असलो पाहिजे. मीठ कधी खारट आणि कधी अळणी असते काय? जे येते आणि जाते ते माझे स्वरूप कसे? गाढ झोपेत तर तोतराही नसतो, इंजिनियरही नसतो आणि ग्रीन कार्डही नसते, तरी सकाळी उठून आपण म्हणतो की मी छान झोपलो. आणखी एक गोष्ट सुचली. अडखळणाऱ्या माणसाला शब्द अडण्याच्या दोन-तीन क्षण आधीच कळते की आता पुढचा शब्द अडणार. हे ज्याला कळते तो कोण? तो तर अडत नाही. भीती वाटते हे ज्याला कळते, तो भीतीच्या पलीकडे उभा असल्याशिवाय त्याला ती दिसेल कशी? इतकी वर्षे मी जिभेला मोजले, हसणाऱ्यांना मोजले, साहेबाला, सोमवारच्या मीटिंगला, सगळ्यांना मोजले. मोजणाऱ्याला मोजायचे राहिले होते.

आपण अथर्वशीर्षाची एकवीस-एकवीस आवर्तने करतो. त्यात अगदी सुरुवातीला गणपतीला साक्षात आत्मा म्हटले आहे, आणि पुढे तिन्ही देहांच्या पलीकडचा म्हटले आहे. ज्ञानेश्वरमाउलींनीही ज्ञानेश्वरीच्या आरंभी आत्मरूपाला नमन करून तोच गणेश असे सांगितले. हजारो वेळा हे शब्द माझ्या तोंडून गेले होते, आणि तेही न अडखळता. त्यांचा अर्थ आपल्याला लागू आहे असे कधी वाटले नाही.

पंचदशीतल्या त्या गोष्टीचा शेवट मी मघाशी सांगितला नाही. दहावा सापडला, रडणे त्याच क्षणी थांबले. पण रडताना ज्याने डोके बडवून घेतले होते, त्याच्या कपाळावरची जखम? विद्यारण्यस्वामी किती व्यवहारी! ते म्हणतात, ती काही ज्ञानाने लगेच बरी होत नाही. तिला महिनाभर लागतो. मात्र दहावा जिवंत असल्याच्या आनंदापुढे तिच्या दुखण्याचे काही वाटेनासे होते. शास्त्रीबुवांनी हा भाग सांगितला होता की नाही, आठवत नाही. पुस्तकात वाचला तेव्हा मी बराच वेळ पान उलटले नाही. कारण आपली सगळ्यांची अपेक्षा असते की आत्मज्ञान झाले तर जखम नाहीशी व्हावी. माझी जीभ तशीच राहणार. प्रारब्धाने आलेले शरीर आपला क्रम सोडीत नाही. जायचे आहे ते फक्त रडणे.

शनिवारी मुलांच्या कार्यक्रमापूर्वी मी संचालन करणाऱ्या ताईंना विचारले, "मला दोन मिनिटे मिळतील का?" त्यांना आश्चर्य वाटले. मी मंचावर गेलो, माइक धरला. समोर तीनशे माणसे. म्हणालो, "नमस्कार, माझे नाव" आणि 'ग' अडला. पूर्वीचा मी लगेच 'सॅम' म्हणून मोकळा झालो असतो. मी थांबलो. शब्द बदलला नाही, खोकलो नाही. छाती धडधडत होती ती धडधडू दिली. भीती गेली होती असे अजिबात नाही. पण ती मला दिसत होती, आणि जो पाहात होता तो शांत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मला तो चातुर्मासाएवढा वाटला. मग 'गजानन' बाहेर पडले. मी सांगितले की मी अडखळत बोलतो, लहानपणापासून बोलतो, बाहत्तर वर्षांत प्रथमच हे लोकांपुढे सांगतो आहे, आणि आता मुलांचे ऐकू या. एवढेच. टाळ्या वाजल्या, त्या मला फारशा ऐकू आल्या नाहीत. मी पहिल्या रांगेत पाहात होतो.

ती सातव्या नंबरला आली. 'ब'वर अडली, थांबली, थेरपिस्ट बाईंनी शिकवले होते तसा श्वास घेतला आणि बल्लाळेश्वर म्हणाली. पुढे 'पाली'वरही अडली. दोन वाक्यांना बराच वेळ लागला. मंचावरून उतरून ती आईकडे न जाता माझ्याकडे आली आणि कानात म्हणाली, "आबा, तू माझ्यापेक्षा जास्त वेळ अडकलास."

मी म्हटले, "हो. मी मोठा आहे ना!"

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी थेरपी चालू ठेवावी, तिचा खरोखर उपयोग होतो. मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याला 'सावकाश बोल' असेही म्हणू नये. त्याचे बोलणे संपेपर्यंत त्याच्याकडे बघावे. जांबवानाचे काम याहून वेगळे नसावे. आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर पाच मिनिटे शांत बसून, आज दिवसात आपण किती वेळा 'मला जमत नाही' म्हटले आणि ते कोणी ऐकले, एवढे पाहावे. मी रोज बसतो. कधी मन लागते, कधी गुडघा दुखतो.

सोमवारच्या मीटिंगची संधी आता परत येणार नाही. त्याची रुखरुख अजून अधूनमधून लागते, खोटे कशाला बोलू? महिनाभरात भरणारी जखम माझ्या बाबतीत थोडा अधिक वेळ घेते आहे.

कॉफीच्या दुकानात मात्र मी आता खरे नाव सांगतो. मागे रांगेत लोक असतात, कोणी घड्याळ पाहतो. काउंटरवरची मुलगी पेन हातात धरून थांबते. कपावर काय लिहून येईल त्याचा नेम नसतो. गेल्या आठवड्यात 'गॅरी' लिहिले होते. नात बरोबर होती. तिने तो कप धुऊन घरी नेला आहे आणि त्यात आपल्या रंगीत पेन्सिली ठेवल्या आहेत.

॥ मंगलमूर्ती मोरया ॥